नऊ-नऊच्या वेळचं लाकूड

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये कुणी नवं ब्लेड आणलं की सगळे भोवती जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फास्ट आहे का?" मुलं हेच विचारतात, त्यांचे आईवडील हेच विचारतात, वर्षानुवर्षं खेळलेली माणसंही हेच विचारतात. मला हा प्रश्न नेहमी अपुरा वाटतो. ब्लेड किती वेगवान आहे ते खोक्यावरच छापलेलं असतं. सामन्यात तुमच्या हातून सर्वांत जास्त वेळा कुठला फटका जातो आणि त्या फटक्याला हे लाकूड कशी साथ देतं, ते कुठेच छापलेलं नसतं. निवड मात्र त्यावरूनच करायची असते.

ब्लेड म्हणजे दोन्ही बाजूंची रबरं काढल्यावर मुठीसकट जे उरतं ते. आमच्याकडे हॉलमध्ये सगळे त्याला प्लाय म्हणतात. रबर झिजतं, रोज सराव करणाऱ्याला ते काही महिन्यांत बदलावं लागतं. ब्लेड नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि हात त्याच्याच सवयीने घडत जातो. शॉर्ट पुश (नेटजवळ हळूच ढकललेला चेंडू) किती हलका ठेवायचा, ब्लॉकला (समोरच्याचा फटका बॅट नुसती आडवी धरून परतवताना) बॅट किती झुकवायची, खाली बसलेल्या चेंडूवर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) करताना किती वर उचलायचं, हे सगळं मनगट त्या एका लाकडाकडून शिकतं. शिकणाऱ्या मुलाच्या हातात काय द्यायचं याबद्दल मी आग्रही असते ती यामुळेच.

आधी लाकूड नेमकं करतं काय ते पाहू. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर. बॅटला तो टेकतो सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता. तेवढ्या वेळात आधी रबराचा वरचा पापुद्रा, मग स्पंज आणि मग लाकूड, अशा क्रमाने फटक्याचा जोर आत उतरतो. हलक्या हाताने खेळलेला चेंडू बराचसा स्पंजमध्येच जिरतो. जोर वाढला की स्पंज दबत जातो आणि धक्का लाकडापर्यंत पोचतो. लाकूड किंचित वाकतं, परत सरळ होतं, आणि चेंडू बॅटवर किती रेंगाळला, किती उंच सुटला, किती वेगाने गेला हे त्या वाकण्यात ठरतं. ताठ लाकडावरून चेंडू लवकर सुटतो आणि सपाट जातो. लवचीक लाकूड त्याला क्षणभर धरून ठेवतं, त्यामुळे फिरकी द्यायला अवधी मिळतो आणि चेंडू नेटवरून कमान घेऊन जातो. ज्याला सगळे "फील" म्हणतात ते बरंचसं हेच, शिवाय मुठीतून तळहाताला जाणवणारी थरथर.

म्हणून एकाच ब्लेडबद्दल दोन खेळाडू अगदी उलट बोलतात तेव्हा दोघंही खरं सांगत असतात. एकाचा फटका स्पंजमध्येच संपतो, दुसरा प्रत्येक चेंडू लाकडापर्यंत नेतो. कुणाचं मत ऐकायचं ते ठरवण्याआधी त्या माणसाला खेळताना बघून घ्यावं.

एके काळी स्पंज नव्हताच. लाकूड आणि त्यावर चिकटवलेलं दाण्यांचं पातळ रबर, एवढीच बॅट. चेंडू तिच्यावर टक् टक् वाजायचा आणि कसलेले खेळाडू त्या आवाजावरूनही समोरच्याच्या फटक्याचा अंदाज बांधायचे. त्या काळाला पहिला मोठा धक्का बसला तो आपल्या मुंबईत. १९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. आशियात झालेली ती पहिलीच जागतिक स्पर्धा. जपानचा हिरोजी सातो तिथे जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. चेंडू अपेक्षेपेक्षा वेगळ्या वेगाने सुटत होता आणि नावाजलेल्या खेळाडूंना त्याचा पत्ता लागेना. सातो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला. पुढे १९५९ मध्ये नियम आला: स्पंजसकट रबराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, बिनस्पंजचं दाण्यांचं रबर २ मिलिमीटरपेक्षा जाड नको. या मर्यादा आजही तशाच आहेत. मुंबईत टेबल टेनिस खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ही हकीकत माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. त्याच्या हातातल्या बॅटचा वंश या शहराच्या वाटेने आलाय.

त्यानंतरची कित्येक वर्षं वेगाचा शोध मुख्यतः रबरात चालला. सामन्याआधी स्पंजला विशिष्ट द्रावक असलेला गोंद लावायचा, स्पंज फुगायचा आणि चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकनंतर, या स्पीड ग्लूवर बंदी आली. त्याआधी २००० मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरवरून ४० वर गेला होता आणि २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला. चेंडू मोठा झाला तसा तो मंदावला. प्लॅस्टिकचा झाल्यावर फिरकीही कमी झाली. गोंदातून आणि चेंडूतून निसटलेला वेग मग लोक लाकडात शोधू लागले. कार्बनची ब्लेडं, म्हणजे आत कार्बनच्या तंतूंचा थर घातलेली, त्याआधीही होती, पण जिल्हा पातळीवरच्या बारा वर्षांच्या मुलांच्या हातात ती सर्रास दिसायला लागली ती या बदलांनंतर. माझा सगळा जीव इथे अडकतो.

कार्बनबद्दल मनात जे वलय असतं ते नियम वाचला की बरंच विरतं. नियम म्हणतो, बॅटचा आकार, माप आणि वजन कसंही असो; ब्लेड मात्र सपाट आणि ताठ हवं, आणि जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. आतल्या चिकट थराला कार्बन, काच यांच्या तंतूंनी किंवा दाबलेल्या कागदाने बळकटी देता येते, पण असा थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यातलं जे कमी त्याहून जाड चालत नाही. सहा मिलिमीटरच्या ब्लेडात ही मर्यादा ०.३५ चीच पडते. म्हणजे कार्बनची म्हणून मिरवली जाते ती बॅटही जवळजवळ सगळी लाकडाचीच असते. फरक पडतो तो कुठलं लाकूड, कितव्या थराला, आणि तंतू कुठे बसवलाय यामुळे.

लाकडांची नावं आपल्या कानाला परकी वाटतात, पण एकदा ओळख झाली की दुकानात खूप सोपं जातं. लिम्बा, कोटो आणि आयूस ही आफ्रिकेतली झाडं. लिम्बा जरा मऊ. बाहेरच्या थराला असलं तर चेंडू धरल्यासारखा वाटतो. कोटो कठीण, बाहेर कोटो असलं की चेंडू टणकन सुटतो. आयूस हलकं, मधल्या थरांत आणि गाभ्यात खूप वापरतात. किरी तर त्याहून हलकं, म्हणून कार्बनच्या ब्लेडांत गाभ्याला तेच दिसतं. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, तिथल्या इसे देवस्थानाची मंदिरं ज्या लाकडाने बांधतात ते. त्याला मंद सुवास असतो, आणि त्याचा गुण असा की हाताला मऊ लागतं पण जोरात मारलं की चेंडू जबर वेगाने जातो.

साधं पाच थरांचं लाकडी ब्लेड साधारण साडेपाच ते सहा मिलिमीटर जाड असतं. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक, यासाकाचं स्वीडन एक्स्ट्रा ही या घराण्यातली जुनी नावं. पिढ्या त्यांच्यावर शिकल्या. सात थरांचं ब्लेड, स्टिगाच्या क्लिपरसारखं, जाड आणि भरीव असतं. ब्लॉक केला तर समोरच्याचा जोर बिनबोभाट परत पाठवतं, सपाट फटक्याला उत्तम, पण हळुवार फिरकीला पाच थरांइतकं वाकत नाही. टेबलाजवळ उभं राहून मारणाऱ्यांना, विशेषतः छोट्या दाण्यांचं रबर लावणाऱ्यांना, सात थरांत जो आनंद मिळतो तो कार्बनमध्ये मिळत नाही असं माझं मत आहे.

आता तंतू कुठे असतो ते. बटरफ्लायचं विस्कारिया १९९३ पासून आहे. चीनचा ऑलिंपिक विजेता झांग जिके याच्या हातात दिसल्यानंतर तर त्याचं नाव मुलांच्या तोंडी बसलं. त्यात बाहेर कोटो, लगेच त्याच्या खाली आरिलेट-कार्बनचा तंतू (आरिलेट हा एक कृत्रिम धागा), मग लिम्बा आणि मध्ये किरी. तंतू पृष्ठभागाच्या इतक्या जवळ असल्यामुळे मध्यम जोराच्या फटक्यालाही तो जागा होतो. याउलट त्याच कंपनीच्या इनरफोर्स मालिकेत तोच तंतू आत, गाभ्याला लागून असतो आणि बाहेर लिम्बाचे दोन थर. तिथे हलक्या फटक्याला लाकूडच उत्तर देतं. अंग टाकून मारलं तरच कार्बनपर्यंत जोर पोचतो. दोन्ही खोक्यांवर कार्बनच लिहिलेलं असतं, किंमतही जवळपास सारखीच. पण पहिलं ब्लेड अर्धवट फटक्याला माफ करत नाही. दुसरं बऱ्यापैकी करतं.

हा अर्धवट फटका हाच माझ्या मते सगळ्या निवडीचा गाभा आहे.

सरावात, मल्टिबॉलवर, म्हणजे समोरून एकामागून एक चेंडू दिले जात असताना, पाय आधीच जागेवर असतात. चेंडू कुठे येणार ते ठाऊक असतं. तिथे प्रत्येकाचा टॉपस्पिन देखणा असतो आणि तिथे प्रत्येकाला वेगवान ब्लेड आवडतं. सामन्यात गुण नऊ-नऊ झाले, गेम दोन गुणांवर आला की खांदा आखडतो, पाय अर्धं पाऊल उशिरा पडतो, आणि हात पूर्ण फिरवायच्या ऐवजी आपण अर्धाच फिरवतो. सर्व्हिस परतवताना बॅट पुढे जायच्या ऐवजी थबकते. आपली खरी शैली तेव्हा दिसते, आरशासमोर नाही. त्या थबकलेल्या हाताने खेळलेला चेंडू टेबलावर पडेल असं लाकूड हवं. तुमच्या सर्वोत्तम फटक्याला कुठलंही चांगलं ब्लेड चालतं. ब्लेड निवडायचं ते घाबरलेल्या फटक्यासाठी.

मोठ्या खेळाडूंकडे पाहून ब्लेड घेणाऱ्यांनी त्यांच्या हाताइतकंच त्यांच्या पायांकडे पाहावं, असं मी नेहमी सांगते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची पुरुष एकेरीची अंतिम लढत घ्या. दक्षिण कोरियाचा रयू सुंग-मिन विरुद्ध चीनचा वांग हाओ. दोघंही पेनहोल्ड, म्हणजे बॅट पेनासारखी धरणारे. वांग हाओ बॅटच्या मागच्या बाजूनेही बॅकहँड मारायचा. रयूच्या हातात हिनोकीच्या एकसंध जाड फळीचं जुन्या वळणाचं ब्लेड, आणि त्याची सगळी मदार फोरहँडवर. अशा ब्लेडला थर नसतात, जाडी सामान्य ब्लेडच्या दीडपटीच्याही पुढे जाते, आणि त्यावरून सुटलेला फोरहँड थोपवणं महाकठीण. पण ते लाकूड मोबदल्यात काय मागतं? संपूर्ण टेबल फोरहँडने व्यापणारे पाय. रयू बॅकहँडच्या कोपऱ्यातून उडी मारून फोरहँड मारायचा आणि पुढच्या चेंडूला दुसऱ्या टोकाला हजर असायचा. सुवर्णपदक त्याने जिंकलं. आज ते ब्लेड विकत कुणालाही मिळेल. ते पाय दुकानात मिळत नाहीत.

दुसरं टोक म्हणजे कोरियाचाच जू से-ह्युक. २००३ च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोचला, ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागरकडून हरला. टेबलापासून लांब जाऊन, चेंडू गुडघ्यापर्यंत उतरू देऊन चॉप करणारा, म्हणजे बॅट खाली कापत नेऊन उलटी फिरकी देणारा बचावपटू, आणि मध्येच पुढे येऊन जबरदस्त फोरहँड मारणारा. बचावपटूंच्या ब्लेडचा चेहरा मोठा असतो, लाकूड मऊ आणि मंद असतं, समोरच्याचा जोर ते गिळून टाकतं. पण नुसतं मंद लाकूड घेतलं तर त्याच हाताने फोरहँड मारताना चेंडू मरतो. म्हणून आक्रमण करणाऱ्या बचावपटूची निवड सर्वांत अवघड. त्याला एका लाकडात दोन स्वभाव हवे असतात. तडजोड कुठल्या बाजूने करायची हे त्याने आपल्या जिंकलेल्या गुणांवरून ठरवावं: जास्त गुण चॉपवर मिळतात की त्यानंतरच्या फटक्यावर?

आपल्याकडे मनिका बत्राने बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावून २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण मिळवलं, आणि नंतर महाराष्ट्रातल्याही कित्येक मुलींच्या बॅटवर लांब दाणे दिसू लागले. लांब दाण्यांचं रबर समोरच्याची फिरकी उलटी करून परत पाठवतं. ते ज्या लाकडावर बसतं त्यावर खूप अवलंबून असतं. वेगवान कार्बनवर लांब दाणे लावले की ब्लॉक केलेला चेंडू लांब जातो, समोरच्याला मारायला सोयीचा. मंद लाकडावर तोच चेंडू नेटजवळ पडतो आणि तिथेच बसतो. आमच्या क्लबात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. बॅकहँडला लांब दाणे, हातात पाच थरांचं साधं मंद ब्लेड, पाय फारसे हलवत नाहीत. कॉलेजातली मुलं त्यांच्यासमोर घामाघूम होतात, कारण मुलांनी दिलेला सगळा जोर त्या लाकडात विरतो आणि चेंडू नेटच्या पलीकडे तीन बोटांवर येऊन पडतो. काकांना कुणी तरी वेगवान ब्लेड भेट दिलं होतं. त्यांनी ते मुलीकडे सोपवलं. त्यांना आपला खेळ माहीत आहे. मी त्यांना मानते.

आणि आपला खेळ माहीत असणं हे ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही. विचारलं तर दहातले आठ जण सांगतात, "मी टू-विंग टॉपस्पिन अटॅकर," म्हणजे फोरहँड-बॅकहँड दोन्हीकडून टॉपस्पिन मारणारा. टीव्हीवर जे दिसतं तेच आपण खेळतो असं मनात असतं. यावर एकच उपाय मला खात्रीने ठाऊक आहे. फोन टेबलाच्या मागे जरा उंचावर ठेवायचा, सरावाचा नाही तर खऱ्या सामन्याचा व्हिडिओ घ्यायचा, आणि नंतर फक्त एवढं लिहायचं की प्रत्येक गुण कुठे संपला. रिसिव्हवर? तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे आपली सर्व्हिस परतून आल्यावरच्या फटक्यावर? ब्लॉक करताना? मागे गेल्यावर? क्लबच्या पातळीवर बहुतेक गुण चार-पाच फटक्यांच्या आत संपतात. लांब रॅली आपल्या लक्षात राहते म्हणून आपल्याला वाटतं की आपण सारख्या रॅलीच खेळतो.

आमच्या हॉलमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी येते. बॅकहँड सुरेख, टेबलाजवळ उभी राहून चेंडू वरच्यावर घेते. फोरहँड सरावात दणदणीत. तिच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, हिला विस्कारिया घेऊन देऊ का? हिच्या बॅचमधल्या दोघींकडे आहे." प्रश्न प्रामाणिक होता, आणि किंमत पाच आकड्यांतली. मी म्हटलं, आधी सामने बघू. दोघींनी बसून व्हिडिओ पाहिले. तिचे गुण जात होते ते दोन ठिकाणी: सर्व्हिसवरचा पुश वर उडत होता, आणि चॉप झालेल्या चेंडूवर तिचा पहिला टॉपस्पिन नेटमध्ये जात होता. जोराचा फटका कमी पडतोय म्हणून गेलेला गुण शोधूनही सापडेना. वेगवान ब्लेडने या दोन्ही दुखण्यांत भरच पडली असती. पुश आणखी उडाला असता. चॉपवरचा टॉपस्पिन उचलायला लाकडाने चेंडू धरावा लागतो, आणि बाहेरचा कोटो-कार्बन तो धरत नाही.

"ताई, मग मला फास्ट कधी मिळणार?" तिने विचारलं. मी तिला खरं उत्तर दिलं. सामन्यात, नऊ-नऊ असताना, चॉपवरचा टॉपस्पिन पूर्ण हात फिरवून करायला लागलीस आणि तरी चेंडू पुरेसा जात नाही असं तुला जाणवलं, की त्या दिवशी. तेव्हाही आधी तंतू आत असलेलं घ्यायचं. तिने लिम्बाच्या बाहेरच्या थराचं पाच थरांचं ब्लेड निवडलं. स्वतः निवडलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन-चार हातात घेऊन, बोटांच्या पेरांनी ठोकून, त्यांचा आवाज ऐकून. ठोकल्यावर आवाज बारीक आणि तीक्ष्ण असेल तर लाकूड ताठ. घोगरा, खोल असेल तर लवचीक. रबर न लावता याहून चांगली परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येत नाही.

वजनाबद्दल मी जरा जास्तच बोलते असं पालकांना वाटतं, पण बोलणारच. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं ब्लेड ८२ ग्रॅमचं मिळतं आणि ९२ चंही. लाकूड झाडातून येतं, साच्यातून नाही. त्यावर दोन रबरं, प्रत्येकी साधारण ४५ ते ५० ग्रॅम, म्हणजे बॅट सहज १८० ग्रॅमच्या आसपास जाते. चिकट पृष्ठभागाची चिनी रबरं आणखी जड. मोठ्या माणसाला जड बॅट चालते, फटक्यात वजन येतं. बारा-तेरा वर्षांच्या मनगटाला दहा ग्रॅम म्हणजे बॅकहँडवरून फोरहँडला यायला झालेला उशीर, आणि पुढे कोपराचं दुखणं. दुकानदाराकडे काटा मागावा. नसेल तर घरून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा न्यावा. मी नेते. कुणी हसत नाही, उलट मागचा ग्राहकही आपलं ब्लेड त्यावर ठेवून बघतो.

एकूण वजनाइतकंच ते वजन कुठे आहे हेही बघावं. मुठीच्या वर, ब्लेडच्या मानेखाली बोट ठेवून तोल पाहिला की चेहरा जड आहे का ते कळतं. चेहरा जड असेल तर फोरहँडला ताकद मिळते, टेबलावरच्या फ्लिकला (आखूड चेंडू मनगटाने झटकून मारायला) मनगट थकतं. टेबलाजवळून खेळणाऱ्याने हा तोल मुठीकडे असलेला घ्यावा. मूठ फ्लेअर्ड की सरळ, यावर मात्र मी फार वेळ घालवत नाही. खाली रुंद होणारी फ्लेअर्ड मूठ हातात घट्ट बसते, बहुतेकांना तीच आवडते. दाण्यांचं रबर असलेल्यांना रॅलीत बॅट उलटी करावी लागते, त्यांना सरळ मूठ बरी. हात लहान असेल तर बारीक मूठ बघावी. अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात ती कड बोचत असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकीशी घासली तरी चालते, त्यात भ्यायचं कारण नाही.

एकाच नावाच्या दोन ब्लेडांत फरक असतो हे किती मोलाचं आहे ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. चीनच्या वांग चुचिनने सुन यिंगशाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि त्यानंतरच्या छायाचित्रकारांच्या गर्दीत त्याची बॅट मोडली. दुसऱ्या दिवशी एकेरीत तो राखीव बॅट घेऊन उतरला आणि स्वीडनच्या त्रुल्स मोरेगोर्दकडून हरला. वांगने पराभवाचं खापर बॅटवर फोडलं नाही. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळे वाढला. पण आपलं रोजचं लाकूड हातातून गेल्यावर काय होतं ते खेळणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी स्वतःच्या तळहातात अनुभवलं असेल. समोरच्या मोरेगोर्दच्या हातात होतं स्टिगाचं सायबरशेप, गोल चेहऱ्याऐवजी षटकोनी कडांचं. आकारावर नियमाचं बंधन नाही, हे त्या आकाराने सगळ्यांना दाखवून दिलं. त्याने पुढे रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर मुलं मला विचारायला लागली, षटकोनी घेऊ का. ज्याचा चेंडू बॅटच्या टोकाकडे जास्त लागतो त्याने हातात घेऊन जरूर बघावं. नुसत्या आकाराच्या मोहाने मात्र नको.

ब्लेड ठरल्यावर एक पथ्य मी सगळ्यांना पाळायला लावते. लाकूड बदललं तर रबर जुनंच ठेवायचं, निदान काही आठवडे. दोन्ही एकदम बदलली की चेंडू लांब का जातोय हे कुणालाच सांगता येत नाही, मग माणूस हळूहळू स्वतःचा हात बदलतो आणि बिघडवून घेतो. सुरुवातीला सामने नकोत. पुश, ब्लॉक आणि सर्व्हिस एवढ्याच तीन गोष्टी नव्या लाकडावर बसवायच्या. टॉपस्पिनची काळजी नको, तो आपोआप येतो.

रबर लावण्याआधी पृष्ठभागावर लाकडासाठीच्या वॉर्निशचा एकच पातळ हात द्यावा. विशेषतः बाहेर लिम्बा असेल तर. जुनं रबर सोलताना लिम्बाचे तंतू निघून येतात, आणि एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही. वॉर्निश जाड झालं तर लाकूड ताठ होतं, म्हणून एकच हात, तोही कापडाने टिपून. आपल्याकडे मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की उघडी ठेवलेली बॅट दोन दिवसांत जड आणि बोथट लागायला लागते. केसमध्ये ठेवावी, ओल धरू न देणारी एखादी सिलिका जेलची पुडी आत टाकावी, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत कधीही विसरू नये. गोंदही सुटतो, लाकूडही पिळवटतं.

परवडत असेल तर एकाच खरेदीत तशीच दोन ब्लेडं घ्यावीत, काट्यावर वजन जुळवून, ठोकून आवाज जुळवून. परवडत नसेल तर जुनं ब्लेड विकू नये. काढलेली रबरं त्यावर चिकटवून किटबॅगेत ठेवावं आणि आठवड्यातून एकदा तरी त्यावर सर्व्हिस आणि पुशचा सराव करावा. त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे आता अशी दोन आहेत, दोन्ही ८४ ग्रॅमची. दुसरं शोधायला तिच्या वडिलांनी ठाण्यापासून दादरपर्यंतची दुकानं पालथी घातली, काटा सोबत घेऊन.